नवख्या प्रवाशाला वाट कोणी सांगावी?

वाहतुकीच्या विकासाचा हिशेब मांडताना आपण किलोमीटर मोजतो, डबे मोजतो, फेऱ्या मोजतो. जालना जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर गेल्या काही वर्षांत हा हिशेब बराच समाधानकारक दिसू लागला आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो; त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईसाठी वंदे भारत गाडी सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. या गोष्टींचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु सामान्य माणसाच्या प्रवासाचा आरंभ रस्त्यावर किंवा रुळावर होत नाही. तो प्रश्नांनी होतो. गाडी कोणती, ती कोठून सुटते, केव्हा सुटते, उतरावयाचे कोठे, आणि चुकली तर पुढची कोणती? ज्याला ही उत्तरे ठाऊक आहेत त्याच्यासाठी स्थानक ही सोय आहे. ज्याला ती ठाऊक नाहीत त्याच्यासाठी तेच स्थानक म्हणजे गोंधळ, धावपळ आणि ऐनवेळी निघून गेलेली गाडी. अशा माणसाला वाट सांगण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो तसा नाही.

नवखा प्रवासी म्हणजे सुटीत फिरावयास निघालेला हौशी मनुष्य, असा कोणाचा समज असेल तर तो प्रथम दूर केला पाहिजे. बारावीनंतर प्रवेशासाठी प्रथमच एकटा शहरात आलेला मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातील मुलगा हा नवखा प्रवासी आहे. आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयात दाखल करून औषधांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन उभा असलेला त्याचा भाऊ नवखा आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या जिल्ह्यात निघालेली आई नवखी आहे. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत कामासाठी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला आणि मराठी पाटी वाचू न शकणारा मजूर नवखा आहे. अंगारकीला राजूरच्या गणपतीस किंवा समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थला, प्रथमच येणारा भाविकही नवखाच. यांपैकी बहुतेकांचा प्रवास हौसेचा नसून गरजेचा असतो, आणि त्यांच्यापाशी दवडण्यासारखा वेळ किंवा पैसा नसतो.

या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९.५९ लाख होती आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते सुमारे ६१ टक्के होते. त्यानंतर परिस्थिती सुधारली असणार, यात शंका नाही. तथापि ज्या पिढीला तेव्हा अक्षरओळख नव्हती ती पिढी आजही प्रवास करते. किंबहुना दवाखाना, देवदर्शन आणि लेकीसुनांच्या निमित्ताने तिलाच पुष्कळ प्रवास करावा लागतो. शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागू केले. यामुळे जी माणसे पूर्वी घराबाहेर पडत नसत तीही बाहेर पडू लागली. भाड्याची सवलत मिळाली, पण वाट सांगण्याची व्यवस्था मात्र पूर्वी होती तेवढीच राहिली.

अर्थशास्त्रात माहिती या वस्तूकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष झाले होते. बाजारात येणाऱ्या प्रत्येकास सर्व भाव आपोआप ठाऊक असतात, असे गृहीत धरून सिद्धान्त मांडले जात. १९६१ मध्ये जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने माहितीच्या अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधात हे गृहीत तपासले. (पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.) त्यांचे म्हणणे साध्या भाषेत असे की, माहिती मिळविण्यालाही खर्च येतो. पाच दुकाने फिरून भाव विचारावयाचे तर वेळ जातो. म्हणून माणूस कोठेतरी थांबतो आणि मिळेल त्या भावाने घेतो. एकाच गावात एकाच वस्तूचे निरनिराळे भाव टिकून राहतात, याचे हे एक कारण आहे. हाच न्याय प्रवासाला लावून पाहावा. तिकिटावर छापलेले भाडे सर्वांना सारखे असते. परंतु गाडी शोधण्याचा खर्च सारखा नसतो. नेहमीचा प्रवासी तो जवळजवळ देतच नाही. नवखा मात्र चुकीच्या फलाटावर थांबून, उलट दिशेच्या गाडीत बसून किंवा शेवटची गाडी हुकल्यावर रिक्षा करून तो देतो. या खर्चाची पावती कोणी फाडत नाही, म्हणून तो कोणाच्या हिशेबात येत नाही, एवढेच.

केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक गणित मांडतो. एखाद्या स्थानकावर दिवसाला २०० माणसे अशी येतात की ज्यांचा प्रत्येकी अर्धा तास केवळ योग्य माहितीच्या अभावी फुकट जातो, असे धरू. म्हणजे दररोज १०० तास वाया गेले. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला तर साडेबारा माणसांचे दिवसभराचे श्रम झाले. हा तोटा टाळण्यास चौकशीसाठी वेगळा नेमलेला एक माणूस पुरत असेल, तर एका माणसाचा पगार वाचविण्यासाठी आपण समाजाचे साडेबारा माणसांचे काम दररोज बुडवीत आहोत. आकडे कमीअधिक होतील. तर्क बदलत नाही. शिवाय माहिती ही अशी वस्तू आहे की एकाने घेतली म्हणून दुसऱ्यासाठी ती संपत नाही. फलाटावरची पाटी हजार माणसांनी वाचली तरी झिजत नाही. जी वस्तू एकदा निर्माण केल्यावर सर्वांना पुरते, ती प्रत्येकाने स्वतःपुरती नव्याने शोधीत बसावी, यासारखा अपव्यय नाही. म्हणूनच अशी वस्तू सार्वजनिक खर्चाने पुरवावी, हे अर्थशास्त्राचे सर्वमान्य तत्त्व आहे.

ही वस्तू सार्वजनिक रीतीने पुरविली नाही तर काय होते, हेही आपण पाहत असतो. मागणी शिल्लक राहते आणि ती दुसरे कोणीतरी भागवितो. स्थानकाच्या फाटकाबाहेर उभा राहून 'कुठं जायचं, मावशी?' असे अगत्याने विचारणारा मध्यस्थ ही त्या मागणीची उपज होय. त्याला सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. पुष्कळदा तो खरोखरच योग्य गाडीत बसवून देतो. परंतु त्याचे उत्पन्न समोरच्याच्या अजाणतेपणावर अवलंबून असल्यामुळे तो अजाणतेपणा दूर व्हावा, अशी त्याची इच्छा असू शकत नाही. 'आता एस.टी. नाही' हे त्याचे वाक्य खरे की खोटे, हे पडताळण्याचे साधन नवख्याच्या हाती नसते. ते साधन चौकशीच्या खिडकीने द्यावयाचे असते. खिडकी बंद असेल, किंवा उघडी असूनही तिच्यातून तुसडे उत्तर येत असेल, तर मध्यस्थाचे वाक्यच प्रमाण ठरते.

याहून गंभीर परिणाम मनावर होतो. ज्या माणसाला साधी गाडी शोधण्यासाठीसुद्धा कोणीतरी ओळखीचा लागतो, तो एक धडा शिकतो. येथे नियमाने काही मिळत नाही, ओळखीने मिळते, हा तो धडा. तोच धडा घेऊन तो तहसील कचेरीत जातो, बँकेत जातो, मुलाच्या प्रवेशासाठी महाविद्यालयात येतो. आपण ज्याला वशिला म्हणतो आणि ज्याविषयी एरवी तावातावाने बोलतो, त्याचे पहिले पाठ अशा साध्या ठिकाणी गिरविले जातात. ज्या व्यवस्थेत जुन्या माणसाचे सहज भागते आणि नवख्याचे हमखास अडते, ती व्यवस्था कागदावर कितीही नियमबद्ध असली तरी व्यवहारात ओळखीवरच चालते, असे म्हणावे लागेल.

आपल्या समाजाला ही अडचण कधी कळलीच नव्हती, असे मात्र नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या वह्या ठेवीत आले. परक्या गावच्या यात्रेकरूने गाव आणि आडनाव सांगितले की त्याचा उपाध्याय कोण, हे ठरे. मग उतरण्याची, जेवणाची, विधीची सोय त्याच्याकडे लागे. ही व्यवस्था दक्षिणेवर चालणारी होती आणि तिचे दोषही होते. परंतु नवख्याला कोणाच्या तरी स्वाधीन केल्याशिवाय सोडावयाचे नाही, हे तत्त्व तिच्यात होते. पंढरीच्या वारीची रचना तर याहून विचार करण्याजोगी आहे. लाखोंच्या त्या समुदायात एकटा वारकरी हरवून जाईल. म्हणून तो दिंडीत असतो. दिंड्यांना क्रमांक असतात. रथापुढील कोणती आणि रथामागील कोणती, हे ठरलेले असते. चुकलेल्या म्हातारीला आपल्या दिंडीचा क्रमांक सांगता आला की ती मुक्कामी पोचते. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी होणाऱ्या समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सर्वत्र शांतता होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते आणि तिचे म्हणणे तेथल्या तेथे ऐकले जाते. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणाही याच वेळी होते. रोज ठरलेल्या वेळी सर्वांनी गप्प बसून अडलेल्याचे ऐकावयाचे, ही शिस्त आपल्या अनेक कार्यालयांना घालून घेता आलेली नाही.

रेल्वेच्या बाबतीतही असेच एक लोकशिक्षण या भागात झाले होते. निजाम संस्थानच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाड ते हैदराबादकडे जाणारा हा मार्ग झाला तो मीटर गेजचा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो ब्रॉड गेज होईपर्यंत जालन्याहून मुंबईला जाणाऱ्यास मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. तेव्हा मुंबईस निघालेल्या प्रत्येकाला घरचे, शेजारचे, डब्यातले, सगळेच बजावीत की मनमाडला उतरावयाचे, पूल ओलांडावयाचा आणि सामान मोजून घ्यावयाचे. ते ज्ञान छापलेले नव्हते, पण सर्वांच्या तोंडी होते. आता थेट गाड्या आहेत, ही इष्टच गोष्ट आहे. परंतु थेट गाडीबरोबर आरक्षण, प्रतीक्षायादी, अनारक्षित डबा, भ्रमणध्वनीवरील तिकीट अशा नव्या गोष्टी आल्या. त्यांचे ज्ञान मात्र तसे सर्वांच्या तोंडी झालेले नाही. जुने शहाणपण निरुपयोगी ठरले आणि नवे अद्याप मोजक्यांपाशीच आहे, अशी ही मधली अवस्था आहे.

आपल्या जिल्ह्याच्या काही खास अडचणी आहेत. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून हा जिल्हा झाला. एका रात्रीत परतूरच्या माणसाची वाट परभणीऐवजी जालन्याकडे वळली. पुढे बदनापूर, मंठा आणि घनसावंगी हे तालुके झाले, तेव्हा कचेऱ्यांच्या वाटा पुन्हा बदलल्या. गावांच्या नावांचा घोळ तर जुनाच आहे. कुंभार पिंपळगाव घनसावंगी तालुक्यात आणि पिंपळगाव रेणुकाई भोकरदन तालुक्यात; एक जिल्ह्याच्या दक्षिणेस, दुसरे उत्तरेस. 'पिंपळगावची गाडी कोणती?' असे विचारणाऱ्यास 'ती काय उभी आहे' असे एका शब्दात उत्तर दिले, तर तो जिल्ह्याच्या भलत्याच टोकाला पोचावयाचा. आष्टी परतूर तालुक्यात आहे, बीड जिल्ह्यात आहे आणि वर्धा जिल्ह्यातही आहे. मंठ्याकडे जाणाऱ्या गाडीने वाटूर फाट्यावर उतरून परतूरकडे जाता येते, हे जाणत्याला ठाऊक असते. नवखा परतूरची पाटी लागण्याची वाट पाहत स्थानकावरच बसून राहतो. औरंगाबाद शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, रेल्वे स्थानकाचे नाव २०२५ मध्ये बदलले. दरम्यान एकाच शहरास एस.टी.च्या पाटीवर एक आणि रेल्वेच्या पाटीवर दुसरे नाव होते. नामांतराच्या वादात येथे शिरावयाचे नाही. नाव कोणतेही असो, बदलाच्या काळात वाट सांगणाऱ्याचे काम वाढते, एवढाच मुद्दा आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. आता प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे; त्यावर सर्व वेळापत्रके मिळतात; रेल्वेची चौकशी १३९ या क्रमांकावर होते; मग खिडकी हवी कशाला? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. तरुण मुलांचे पुष्कळ काम त्यामुळे हलके झाले आहे. पण यंत्राला विचारण्यासाठी काय विचारावयाचे, हे आधी माहीत असावे लागते. ज्याला गावाचे कागदोपत्री नाव, मार्गातील फाटा आणि गाडीचा प्रकार ठाऊक नाही, त्याला यंत्र शंभर उत्तरे देते. त्यांतील आपले उत्तर कोणते, हे त्याला कळत नाही. शिवाय ग्रामीण वाहतुकीतील सर्वांत महत्त्वाची माहिती अशी असते की ती त्या दिवशी त्या ठिकाणच्या माणसालाच ठाऊक असते. संध्याकाळची मुक्कामी गाडी आज आहे का, पावसाने पुलावरून पाणी गेले असल्यास ती कोठपर्यंत जाईल, यात्रेसाठी जादा गाड्या कोणत्या फलाटावरून सुटतील, हे स्थानकाच्या वाहतूक नियंत्रकाकडूनच कळावयाचे. यंत्र आणि माणूस यांत निवड करावयाची नाही. यंत्रामुळे मोकळा झालेला वेळ ज्याला यंत्र वापरता येत नाही त्याच्यासाठी खर्च करावयाचा आहे.

दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि तो सहानुभूतीने ऐकावयास हवा. खिडकीत बसलेल्या माणसास गाड्यांच्या नोंदी, चालक-वाहकांची कामे, ध्वनिक्षेपकावरील घोषणा ही सर्व कामे करीत असतानाच तोच तो प्रश्न शेकडो वेळा ऐकावा लागतो. खिडकीच्या आतून तो प्रश्न शंभरावा असतो. बाहेरून तो पहिलाच असतो. या एका गोष्टीत बहुतेक भांडणांचे मूळ आहे. कर्मचाऱ्यांना सौजन्य शिकविणारी भाषणे देऊन हे सुटणार नाही, कारण दोष स्वभावाचा नसून रचनेचा आहे. जो प्रश्न रोज शंभर वेळा येतो तो प्रश्न विचारणाऱ्याचा मूर्खपणा दर्शवीत नाही; त्याचे उत्तर योग्य जागी लिहिलेले नाही, हे दर्शवितो.

म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक स्थानकावर चौकशीच्या खिडकीत एक वही ठेवावी आणि एक महिनाभर लोक जे विचारतात ते तीत नोंदवावे. महिन्याअखेर जे दहा प्रश्न सर्वाधिक आले असतील त्यांची उत्तरे मोठ्या अक्षरांत, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, प्रवेशद्वाराशीच लावावीत. वेळापत्रकाचे फलक आपल्याकडे आहेत, पण ते जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहिलेले असतात. सुटण्याची वेळ असते, पण मार्ग कोणता हे नसते. शेवटच्या गावाचे नाव असते, मधल्या फाट्यांचे नसते. शेवटची गाडी कोणती, ती गेल्यावर काय करावे, कोणत्या सवलतीस कोणता कागद लागतो, सारख्या नावाच्या गावांपैकी कोणते कोणत्या फलाटावर, ही माहिती नवख्याला हवी असते. दर सहा महिन्यांनी ही वही पुन्हा लिहावी, कारण प्रश्न बदलत असतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती मागितली जाण्याची वाट न पाहता ती आपण होऊन प्रसिद्ध करावी, असे सांगितले आहे. त्या कायद्याची चर्चा आपण मोठ्या भ्रष्टाचारापुरती करतो. वेळापत्रकाच्या फलकापासूनच त्याचे पालन सुरू झाले तर अधिक बरे.

दुसरी सूचना अक्षरओळख नसलेल्यांसाठी आहे. मेक्सिको शहरातील भुयारी रेल्वे १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रही देण्यात आले, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला चित्रावरून उतरता यावे. ही कल्पना परदेशातून आणण्याची आपणास गरजच नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या प्रजासत्ताकाने कोट्यवधी निरक्षर मतदारांच्या हाती चिन्हे दिली आणि त्यांनी ती अचूक ओळखली. जो मतदार चित्रावरून सरकार निवडू शकतो तो चित्रावरून गाडीही निवडू शकेल. राजूरमार्गे भोकरदनच्या गाडीला गणपती, अंबडच्या गाडीला मत्स्योदरी देवीचा डोंगर, तुरीच्या वाणांसाठी नाव मिळविलेल्या बदनापूरला तुरीची शेंग, अशी खूण पाटीवर आणि फलाटावर रंगविण्यास किती खर्च येणार आहे? पाटीवर मराठीबरोबर हिंदी आणि उर्दू नावही असावे. कारखान्यांत राबणारे बाहेरचे मजूर आणि जालन्याची जुनी मिश्र वस्ती लक्षात घेता ही चैन नव्हे, गरज आहे.

तिसरी गोष्ट, नवख्याने खिडकीपर्यंत यावे अशी वाट न पाहता शक्य तेथे खिडकीनेच त्याच्यापर्यंत जावे. एस.टी. महामंडळाने जून २०२४ पासून विद्यार्थ्यांचे पास थेट शाळा-महाविद्यालयांत देण्याचा उपक्रम हाती घेतला, तो या दृष्टीने स्वागतार्ह आहे. पूर्वी ज्या पाससाठी मुलांना तास बुडवून स्थानकावर रांग लावावी लागे, त्यासाठी महामंडळाचा माणूस शाळेत येऊ लागला. हेच तत्त्व पुढे नेता येईल. २०२६-२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थासाठी मराठवाड्यातून जे लोक निघतील त्यांत पहिल्यांदाच रेल्वेत बसणारे अनेक असतील. गर्दीत हरवल्यावर त्यांना शोधण्यापेक्षा, निघण्यापूर्वी त्यांच्या ग्रामपंचायतीत एक पानी माहितीपत्रक वाचून दाखविणे केव्हाही स्वस्त पडेल.

परंतु सर्व भार शासनावर आणि महामंडळावर टाकून मोकळे होणे बरोबर नाही. या लेखाच्या वाचकांपैकी पुष्कळ शिक्षक आणि कचेऱ्यांतील कर्मचारी दररोज अप-डाउन करणारे आहेत. कोणती गाडी वेळेवर असते, कोणती नावापुरती असते, कोठे चढले की जागा मिळते, याचे ज्ञान कोणत्याही फलकापेक्षा त्यांच्यापाशी अधिक आहे. ते आपण सहसा बोलून का दाखवीत नाही, याचे कारणही उघड आहे. माहिती वाटल्याने संपत नाही, पण जागा संपते. रिकाम्या गाडीची बातमी फुटली की ती गाडी रिकामी राहत नाही. हा स्वार्थ मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. त्याची कबुली देऊनही एवढे म्हणता येईल की, जागा राखावी, वाट मात्र राखून ठेवू नये. बाकावर शेजारी बसलेल्या गोंधळलेल्या माणसास योग्य फलाट सांगण्याने आपले काहीही उणे होत नाही.

वाट सांगण्याचीही एक रीत आहे. 'तिकडे विचारा' हे उत्तर नव्हे. नुसते 'चार नंबरला जा' हेही अर्धेच उत्तर आहे. चांगला वाट सांगणारा प्रथम विचारतो की गाव कोणते, तालुका कोणता आणि काम काय. मग तो गाडी सांगतो, ती कोठे लिहिलेली आहे हे दाखवितो आणि ती चुकल्यास पुढचा मार्ग सांगतो. अशा रीतीने वाट कळलेला माणूस पुढच्या खेपेस स्वतः वाचून जातो आणि तिसऱ्या खेपेस दुसऱ्याला सांगतो. नवख्याचीही काही जबाबदारी आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. गावाचे नाव तालुक्यासह सांगावे, गाडी सुटण्याच्या क्षणी नव्हे तर थोडे आधी विचारावे, आणि फलक असल्यास आधी तो पाहावा किंवा कोणाकडून वाचून घ्यावा. ज्याला नीट उत्तर मिळण्याची खात्री असते तोच नीट विचारतो, हेही तितकेच खरे आहे.

विद्यार्थ्यांना या कामात मोठा वाव आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरू झाली. तिच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर प्रवेशाच्या दिवसांत, अंगारकीला आणि मोठ्या यात्रांच्या वेळी स्थानकावर दोन-दोन विद्यार्थी चौकशीसाठी बसविले तर काय बिघडेल? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तेथे आठवडाभर बसून प्रश्नांची वही लिहिली तर माहितीची किंमत हा विषय त्याला वर्गातल्यापेक्षा अधिक चांगला समजेल. महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचे काम हिरावून घेण्याचा यात हेतू नाही; चौकशीसाठी कायम माणूस हवाच. विद्यार्थ्यांनी गर्दीच्या दिवशी त्याच्या हाताखाली काम करावयाचे आहे.

जिल्हा निर्माण झाला तो जनतेचे कचेरीपर्यंतचे अंतर कमी व्हावे म्हणून. नकाशावरचे अंतर त्याने कमी झाले. परंतु ज्याला गाडी कोठून सुटते हे ठाऊक नाही त्याच्यासाठी साठ किलोमीटर आणि सहाशे किलोमीटर सारखेच. महामार्गांवर आणि वेगवान गाड्यांवर जो खर्च होतो त्याच्या मानाने एक वही, एक वाचता येणारा फलक आणि खिडकीत बसलेला एक मोकळा माणूस, एवढी मागणी फार मोठी नाही. जिल्ह्यातील एका स्थानकाने हे एक वर्ष करून पाहावे आणि पहिल्या महिन्याची वही शेवटच्या महिन्याच्या वहीशी ताडून पाहावी. तेच ते प्रश्न कमी झालेले दिसले, तर बाकीच्या स्थानकांनीही तोच मार्ग धरावा.